एआयनं लिहिलेल्या कागदावर सही कुणाची?

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसीलसमोरच्या महा ई-सेवा केंद्रावर थोडा वेळ थांबलं की दिसतं, अर्ज लिहायची रीत बदललीय. केंद्रचालक समोरच्याची अडचण दोन ओळींत मोबाईलवर बोलतो आणि चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखं एआयचं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचं, ॲप पानभर शुद्ध मराठी मजकूर काढून देतं. पंचायत समितीतले कर्मचारी बैठकीचं इतिवृत्त त्याच्याकडून नीट करून घेतात. शिक्षक सराव प्रश्न काढतात. उच्च न्यायालयाच्या खंडपीठातून इंग्रजी निकालपत्र हातात आलं की त्याचा मराठी गोषवारा मिनिटाभरात मिळतो. शेतकऱ्यांची मुलं सोयाबीनच्या पानाचा फोटो टाकून कोणतं औषध मारायचं ते विचारतात. यासाठी कुणी आदेश काढला नव्हता. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि बघता बघता आपल्या रोजच्या कामात येऊन बसलं.

त्यामुळं वापरावं की वापरू नये, ही चर्चा आता फारशी कामाची राहिलेली नाही. कोणतं काम त्याच्यावर सोपवता येतं, कोणतं येत नाही आणि त्याची चूक शेवटी कुणाच्या अंगावर येते, हे मात्र समजून घ्यायलाच हवं. आपल्याकडं एका सहीसाठी माणसं रोज बुडवून तालुक्याला हेलपाटे घालतात. इथं कागदावरचा एक शब्द चुकला तरी आणखी एक रोज बुडतो.

आत काय चालतं

या यंत्रांना भाषेची मॉडेल्स म्हणतात. इंटरनेटवरचा, पुस्तकांतला अफाट मजकूर त्यांना वाचायला दिलेला असतो. त्यातून ती मुख्यतः एक गोष्ट शिकतात: आतापर्यंत जे शब्द आले, त्यांच्यापुढं आता कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे. ‘सातबारा’ म्हटलं की पुढं ‘उतारा’ येणार, ‘पीक’च्या पुढं ‘विमा’, ‘पाहणी’ किंवा ‘कर्ज’ येणार. असा शब्दाचा एकेक तुकडा जोडत मॉडेल परिच्छेद तयार करतं. नंतर माणसांनी चांगली उत्तरं कोणती, वाईट कोणती हे दाखवून त्याला वळण लावलेलं असतं. म्हणून ते नम्र बोलतं, मुद्देसूद लिहितं.

पण तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा ते कुठल्या दप्तरात जाऊन कागद काढून बघत नाही. काही ॲप आता इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, ते बरंच आहे. तरी शोधलेलं शेवटी स्वतःच्या शब्दांत मांडतात आणि त्या मांडणीत गडबड होऊ शकते.

तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसणारे अर्जनवीस आठवा. ‘मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’पासून खालच्या ‘आपला विश्वासू’पर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ. पण तुमचा बांध कुणी कोरला, कधी कोरला, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. आणि कागदाखाली सही किंवा अंगठा तुमचाच. एआयचं तसंच आहे. फरक एवढाच की अर्जनवीसाला एखादी गोष्ट माहीत नसली तर तो विचारतो. एआय बऱ्याचदा ती मोकळी जागा स्वतःच भरून टाकतं, तीही इतक्या सफाईनं की वाचणाऱ्याला शंका येत नाही.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. २०२३ मध्ये तिथल्या वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात चॅटजीपीटीनं दिलेले जुन्या निकालांचे दाखले कोर्टात सादर केले. त्यातले अनेक निकाल कधी लागलेच नव्हते. नावं, तारखा, उतारे सगळं यंत्रानं रचलं होतं. न्यायाधीशांनी वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. आपल्याकडं हाच प्रकार शासन निर्णयाच्या बाबतीत होऊ शकतो. ‘अमुक योजनेचा जीआर सांग’ म्हटलं की विभागाचं नाव, तारीख, क्रमांक असं सगळं भरून येईल. तो जीआर खरा आहे का, हे शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांक टाकून प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. उघडला नाही तर तो दाखला अर्जात घालू नये.

दुसरी गोष्ट, मॉडेल शिकतं ते एका तारखेपर्यंतचा मजकूर वाचून. त्यानंतर नियम बदलला तर त्याला पत्ता नसतो. पीक विम्याचंच बघा. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून शेतकऱ्याला १ रुपयात पीक विमा मिळत होता. त्यावर इंटरनेटवर हजारो पानं लिहिली गेली. खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत असा झाला. जुना मजकूर वाचलेलं यंत्र आजही बिनधास्त ‘१ रुपया’ सांगू शकतं. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अशा बदलांत यंत्र अडखळतं, आणि आपले निम्मे कागद जुन्या नावाचे, निम्मे नव्या नावाचे असतात.

तिसरी गोष्ट मराठीची. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. पण या मॉडेलांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा चिमूटभर. त्या चिमटीतही वर्तमानपत्री, पुणे-मुंबईकडची मराठी जास्त. आपली बोली लिहिली जाते कमी आणि बोलली जाते जास्त. ‘पाऊस उघडंना, सोयाबीन पिवळी पडायली, काय करावं’ हे वाक्य उजनीचा माणूस बोलो की उदगीरचा, ते ऐकून नीट लिहून घेणंही यंत्राला जड जातं. आणि समजलं तरी पानं पिवळी पडायची कारणं अनेक. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. पांढऱ्या माशीनं पसरवलेल्या पिवळ्या मोझॅक या रोगात पानावर पिवळे-हिरवे चट्टे येतात. नुसतं पाणी साचलं तरी पीक पिवळं पडतं. एकाला हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, फवारणी लागते, दुसऱ्यात रोगट झाडं उपटून माशी आटोक्यात आणावी लागते, तिसऱ्यात चर काढून पाणी बाहेर काढावं लागतं. चांगल्या सल्लागारानं आधी चार प्रश्न विचारायला हवेत: जमीन कसली, कोणती पानं पिवळी, शिरा कशा, पाणी साचलंय का. न विचारता औषधाचं नाव सांगणाऱ्या उत्तरावर फवारणीचा पैसा घालू नका. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच मातीवर काम करतंय. त्यांच्या शिफारशी समोर ठेवून उत्तर देणारं यंत्र आणि पाठांतरावर उत्तर देणारं यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथंच वापराचा पहिला नियम हाती लागतो. आधी कागद द्या, मग विचारा. ‘या योजनेचे नियम काय?’ असं मोघम विचारण्यापेक्षा शासन निर्णयाची फाइल जोडून ‘यातल्या पात्रतेच्या अटी सांग, प्रत्येकीपुढं परिच्छेदाचा क्रमांक लिही, यात नसेल ते नाही म्हण’ असं सांगितलं तर चुका बऱ्याच कमी होतात. संपत नाहीत. पण परिच्छेद क्रमांक मिळाला की पडताळणं दोन मिनिटांचं काम होतं.

जिथं ते खरंच उपयोगी पडतं

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा सरकारी मराठी सोपी करून देण्यात आहे. निराधार योजनेच्या एखाद्या अर्जदार बाईंना कार्यालयाकडून असं पत्र येतं:

‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेल्या प्रस्तावाची छाननी केली असता त्यामध्ये त्रुटी आढळून आल्याने सदर प्रकरण त्रुटीपूर्ततेस्तव प्रलंबित ठेवण्यात आले असून, पत्र प्राप्तीपासून ७ दिवसांचे आत पूर्तता न केल्यास आपले प्रकरण निकाली काढण्यात येईल.’

वाचून दाखवलं तरी त्या बाईंना कळत नाही की अर्ज मंजूर झाला, नाकारला की अडला. हेच पत्र एआयला देऊन ‘सातवी शिकलेल्या माणसाला कळेल असं लिही’ म्हटलं तर साधारण असं मिळतं: ‘तुमचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. काही कागद कमी आहेत. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत ते द्या. नाही दिले तर तुमचा अर्ज बंद होईल.’ चार वाक्यांत काम झालं. शिवाय एक उणीव उघडी पडली: कोणते कागद कमी आहेत, हे मूळ पत्रात लिहिलेलंच नाही. तो प्रश्न घेऊन बाईंना कार्यालयात जाता येतं.

मात्र शेवटचं वाक्य सांभाळायला हवं. ‘निकाली काढण्यात येईल’ याचा अर्थ अर्ज बंद होणार. यंत्रानं त्याचं ‘तुमचं प्रकरण सोडवलं जाईल’ असं केलं तर बाई निर्धास्त घरी बसतील आणि मुदत निघून जाईल. म्हणून सोप्या मजकुराखाली मूळ पत्र कायम ठेवायचं आणि मुदत, रक्कम, ‘न केल्यास काय’ या तीन गोष्टी मूळ पत्राशी बोट ठेवून ताडून बघायच्या. मी तर म्हणेन, कार्यालयांनी पत्र पाठवतानाच सोपा मजकूर वर आणि कायद्याचा मजकूर खाली छापावा. यंत्राच्या मदतीनं हे आजपासून करता येतं, त्याला वेगळा निधी लागत नाही.

दुसरा मोठा उपयोग आवाजाचा. बीड, धाराशिव, जालन्यातली ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीनंतर पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. रेशनकार्ड गावाकडं, लेकरांची शाळा गावाकडं, आणि माणसं उसाच्या फडात. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळं त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या दुकानातही धान्य घेता येतं, पण हे सांगायला त्यांच्या कोपीपर्यंत, म्हणजे फडातल्या झोपडीपर्यंत, कोण जाणार? फोन मात्र जवळपास प्रत्येक कोपीत असतो. लिहिता-वाचता येत नसलं तरी फोनवर बोलून ‘हितं राशन मिळंल का’ विचारावं आणि मराठीत ऐकू यावं, हे आता तंत्रज्ञानाला शक्य आहे. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांमधल्या अनुवादाचा आणि आवाजाचा प्रकल्प सुरू केला. पीएम किसानसाठी २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ हा प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट आला. राज्य सरकारनं २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे शेतीसल्ल्याचं एआय ॲप आणलं आणि शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. पाया घातला गेलाय. हे आवाजाचं यंत्र केजच्या, परांड्याच्या, किनवटच्या माणसांच्या बोलण्यावर तपासून घेतलंय का, हे आपण विचारत राहिलं पाहिजे. पुण्याच्या आवाजावर ९० गुण मिळवणारं यंत्र फडातल्या बाईचं ऐकून गडबडलं तर तिच्या लेखी ते नापासच.

जुन्या कागदांचंही इथं सांगायला हवं, कारण हे मराठवाड्याचं खास दुखणं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्यामुळं जमिनीचं, जातीचं, इनामाचं दप्तर उर्दूत, फारसीत आणि मोडीत आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा गावोगावी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची केवढी टंचाई आहे ते सगळ्यांनी पाहिलं. स्कॅन केलेल्या पानांतून अक्षर ओळखणारं आणि ‘या ढिगात या गावाचं नाव कुठं कुठं दिसतंय’ हे शोधणारं एआय इथं जाणकारांचे कष्ट खूप वाचवू शकतं. शोधायचं काम त्याचं. वाचून ‘होय, हीच नोंद’ म्हणायचं काम जाणकाराचंच राहिलं पाहिजे. खिदमतमाश म्हणजे देवस्थान किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन, मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेली. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याखाली दोन्हींचं पुढं काय होतं, यात मोठा फरक आहे. यंत्रानं अनुवादात दोन्हींना नुसतं ‘इनाम जमीन’ लिहिलं तर एका शब्दात एखाद्या घराचा खटला उलटा फिरेल.

आकडा आला की थांबा

भाषेचं यंत्र भाषेत तरबेज. आकड्यांत, विशेषतः आपल्या देशी मोजमापात, त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नये. सातबाऱ्यावर क्षेत्र ‘१.२०.००’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ १ हेक्टर, २० आर, ० चौरस मीटर. आपण बोलताना एकर-गुंठ्यात बोलतो. १ हेक्टर २० आर म्हणजे जवळपास ३ एकर, दीडेक गुंठा कमी. आता यंत्रानं किंवा घाईतल्या माणसानं तेच ‘१ एकर २० गुंठे’ असं वाचलं तर शेत दीड एकरावर आलं. खरेदीखताच्या मसुद्यात, वाटणीपत्रात, कर्जाच्या अर्जात ही चूक गेली तर निम्मं रान कागदावरून गायब. सातबाऱ्याचा फोटो टाकून ‘समजावून सांग’ म्हणायला हरकत नाही. पण क्षेत्र, गट नंबर, फेरफार नंबर हे तीन आकडे यंत्राच्या उत्तरातून उचलायचे नाहीत, उताऱ्यावरून स्वतःच्या हातानं लिहायचे.

अतिवृष्टीच्या पंचनाम्यातही हाच धोका आहे. शासनाच्या निकषानुसार पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तरच मदत मिळते. सप्टेंबर २०२५ सारखा पाऊस कोसळला की ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक) आणि ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) यांच्यावर हजारो पंचनाम्यांचा बोजा एकदम येतो. बोलून नोंद करायची आणि एआयनं ती तक्त्यात बसवायची, ही सोय त्यांना मिळायलाच हवी. चिखलात उभं राहून रात्री उशिरापर्यंत टायपिंग करणाऱ्या माणसाला ती मदत नाकारणं अन्याय आहे. पण ‘तीस-पस्तीस टक्के गेलंय’ असं बोललेलं यंत्रानं ‘अंदाजे ३० टक्के’ असं नीटनेटकं करून ठेवलं तर तो शेतकरी मदतीच्या बाहेर गेला. टक्क्याचा रकाना यंत्रानं कोराच ठेवावा. ज्यानं शेत पाहिलं त्यानं तो भरावा आणि शेतकऱ्याला वाचून दाखवून सही घ्यावी.

दवाखान्याच्या इंग्रजी डिस्चार्ज कार्डालाही हीच काळजी. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून सुटलेला रुग्ण गावी पोचल्यावर नातेवाईक कार्डाचा फोटो काढून अर्थ विचारतात. आजाराचं नाव, पथ्य, पुन्हा कधी दाखवायचं हे समजून घ्यायला ते छान आहे. गोळीचा डोस आणि वेळ मात्र औषध दुकानदाराला, आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारूनच.

निर्णय कुणाचा

मजकूर चुकला तर दुरुस्त करता येतो. यंत्रानं माणसाला अपात्र ठरवलं तर प्रकरण फार गंभीर होतं. याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र करून नाव-पत्त्यांवरून एकच माणूस ओळखते. चॅट करणारं एआय आणि ही प्रणाली वेगळी, पण नावं जुळवायचा भाषेचा प्रश्न तोच. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डं रद्द झाली. हैदराबादमधल्या एका गरीब विधवेला धान्य नाकारलं गेलं, कारण मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची चारचाकी तिच्या रिक्षाचालक नवऱ्याच्या नावावर धरली गेली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द झालेल्या कार्डांची घरोघरी जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं.

आता आपल्याकडचे कागद डोळ्यापुढं आणा. आधारवर ‘ज्ञानेश्वर’चं इंग्रजी स्पेलिंग एक, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर नुसतं ‘शे.’ लग्नानंतर बाईंचं नाव बदललेलं, गावाचा तालुका बदललेला, जिल्ह्याचं नाव बदललेलं. अशा ठिकाणी यंत्रानं ‘जुळत नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की माणसानं बघावं. ‘जुळत नाही’ म्हणून परस्पर नाव कापण्याचा अधिकार यंत्राला देऊ नये, आणि जुळत असलेल्यांना मंजुरी देऊन न जुळणाऱ्यांची फाइल तशीच पडू देणं हेही कापण्यासारखंच आहे.

केरळ उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं. अनुवादासारख्या मदतीच्या कामांना मान्यता दिलेलं एआय देखरेखीखाली वापरता येईल, निर्णयापर्यंत पोचायला किंवा आदेश लिहायला नाही, असं त्यात स्पष्ट आहे. माझ्या मते ही रेघ महसूल, समाजकल्याण, बँक आणि नोकरभरती सगळीकडं चालण्यासारखी आहे. वाळूज किंवा जालन्याच्या कारखान्यात सुरक्षेच्या सूचना हिंदी-ओडिया-मराठीत करून देणं हे यंत्राचं उत्तम काम. शंभर अर्जांतून कुणाला मुलाखतीला बोलवायचं हे त्याला ठरवू देणं चूक, कारण ज्यांच्या भाषेवर ते शिकलं त्यांच्यासारखं लिहिणाऱ्यांकडं ते झुकतं.

आणि ‘ते आमच्या बॉटनं सांगितलं, आम्ही नाही’ ही सबब चालत नाही. कॅनडात एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला नातेवाइकाच्या मृत्यूनंतरच्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येते असं चुकीचं सांगितलं. कंपनीनं पैसे नाकारले आणि चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे असा बचाव केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळून प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. आपल्या जिल्हा परिषदेनं, महापालिकेनं, बँकेनं उद्या बॉट लावला तर त्याचं बोलणं हे त्या कार्यालयाचंच बोलणं.

लोकांची माहिती

हे थोडक्यात, पण कडक. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकावर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं सांगितलं, ते गोपनीयतेसाठी. फुकट ॲपमध्ये टाकलेला मजकूर त्या कंपनीच्या संगणकावर जातो. अर्ज लिहून घ्यायला आधार क्रमांक, बँक खातं, जातीचा दाखला, आजाराचा कागद यांतलं काही टाकायची गरजच नसते. ‘अर्जदार’, ‘गाव’, ‘खाते क्रमांक’ असं लिहून मसुदा घ्यावा आणि खरी नावं, आकडे शेवटी स्वतःच्या संगणकावर भरावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरावी. घरातल्या हिंसाचाराची तक्रार, एचआयव्हीचा रिपोर्ट, अल्पवयीन मुलीचं प्रकरण, असलं काहीही केंद्रचालकानं किंवा कर्मचाऱ्यानं अशा ॲपमध्ये घालू नये. मग ते हातानं लिहायला तासभर लागला तरी चालेल.

कार्यालयात काय मागायचं

कार्यालय एआय वापरत असेल तर पत्राच्या तळाशी तसं लिहावं आणि पत्र तपासणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव-पदनाम द्यावं. मूळ नोंद आणि यंत्राचा मसुदा दोन्ही फाइलला ठेवावेत, म्हणजे माहिती अधिकारात मागता येतील. फोनवरच्या यंत्रात ‘माणसाशी बोलायचंय’ हा पर्याय पहिल्या काही सेकंदांत ऐकू यावा.

अर्जदाराच्या हातात आजही एक भक्कम कायदा आहे, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, आणि अर्ज नाकारला तर पदनिर्देशित, म्हणजे त्या सेवेसाठी नेमलेल्या, अधिकाऱ्यानं कारण लेखी द्यायचं आहे. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपयांचा दंड त्या अधिकाऱ्याला होऊ शकतो. हा दंड यंत्राला करता येत नाही, म्हणूनच नकाराखाली अधिकाऱ्याचं नाव आणि सही लागते. ‘सिस्टीम घेत नाही’, ‘कॉम्प्युटरनं रिजेक्ट केलं’ असं तोंडी सांगितलं तर वाद घालत बसू नका. अर्जाची पोच मागा, नकार कारणासह लेखी मागा, तारीख टाकून घ्या. तो कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडं प्रथम अपील करता येतं, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. अपिलाचा मसुदा हवं तर एआयकडून लिहून घ्या. नकाराचा कागद त्याला जोडा, तारखा स्वतः तपासा आणि सही करण्याआधी एकदा कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा.